शिवकाळात चहा होता का, आणि पांढरा चहा पाणचट का लागतो?

पोलादपूरहून महाबळेश्वरकडे निघालेला रस्ता आंबेनळी घाटाला भिडण्यापूर्वी कापडे गावावरून जातो. तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ इथून जवळच, आणि वर घाटात प्रतापगड. या गावी गणपतीला मुंबईहून आलेल्या एखाद्या चाकरमान्याने पांढऱ्या चहाचा महागडा डबा आणला, तर पुढे काय घडेल हे सांगायला ज्योतिषी नको. आधण ठेवले जाईल, त्यात आले आणि साखर पडेल, चमचाभर पाने टाकली जातील, दूध ओतले जाईल, आणि गाळून हाती आलेला कप पाहून घरातले वडीलधारे विचारतील, "यात चहा कुठे आहे?"

दोष पानांचा नाही आणि करणाऱ्या हातांचाही नाही. आधणाची रीत आणि ही पाने दोन वेगळ्या इतिहासांतून आलेली आहेत. तो इतिहास उलगडताना शिवप्रेमी तरुणांच्या चर्चेत अधूनमधून येणाऱ्या एका प्रश्नाचेही उत्तर मिळते: शिवकाळात चहा होता का?

होता. मात्र तो सुरतेत होता. योहान आल्ब्रेख्त फॉन मांडेल्स्लो हा जर्मन प्रवासी १६३८ मध्ये सुरतेच्या इंग्रज वखारीत राहिला. तेथील रोजच्या बैठकीत चहा घेतला जातो आणि या देशात त्याचे सेवन सर्वत्र चालते, असे त्याने नोंदवले आहे. 'सर्वत्र' हा शब्द तारतम्यानेच घ्यायचा. वखारीत राहणाऱ्या पाहुण्याचा देश बहुधा बंदरापुरताच असतो. तरीही शिवाजी महाराज आठ वर्षांचे असताना सुरतेत चहा रुळलेला होता, एवढे यावरून निश्चित म्हणता येते. १६६४ आणि १६७० मध्ये मराठी फौजा ज्या सुरतेवर चालून गेल्या, ती चहा पिणारी सुरत होती.

मग रायगडावर चहा पोहोचला का? राज्याभिषेकासाठी १६७४ मध्ये हेन्री ऑक्झिंडेन वकील म्हणून गडावर आला होता. त्या मुक्कामाच्या खाण्यापिण्याविषयी जे वाचायला मिळते, त्यात भरपूर तूप घातलेली खिचडी आहे आणि इंग्रजांसाठी मुद्दाम मागवलेले बकऱ्याचे मांस आहे. गडावर चहा प्यायला गेल्याचा समकालीन पुरावा पुढे आलेला नाही. त्यामुळे महाराजांच्या हाती चहाचा पेला देणारी चित्रे कल्पनेच्या खात्यात जमा करावीत. त्याच न्यायाने 'चहा इंग्रजांनी शिकवला' हे वाक्यही त्याच खात्यात जाते, कारण सुरतेचे वाणी चहा पीत होते तेव्हा इंग्रज त्या शहरातले एक व्यापारी होते, राज्यकर्ते नव्हेत.

या वाण्यांच्या चहाचे सर्वांत बोलके वर्णन जॉन ओव्हिंग्टन या इंग्रज पाद्र्याने केले आहे. तो १६८९ मध्ये मुंबईमार्गे सुरतेस आला. संभाजी महाराजांची हत्या झाली आणि रायगड मोगलांच्या हाती पडला, ते हेच वर्ष. ओव्हिंग्टन सांगतो की डचांची चहाची किटली विस्तवावरून क्वचितच खाली उतरते. स्थानिक लोक पाण्यात चहाबरोबर उष्ण मसाला उकळतात, खडीसाखर घालून पितात, आणि चोखंदळ मंडळी साखरेऐवजी मुरवलेली छोटी लिंबे घेतात. डोकेदुखी आणि पोटातील मुरडा यांवर हा उतारा समजला जाई. मसाला घालून उकळण्याची रीत, म्हणजे, आसामात चहाचे मळे उभे राहण्याच्या दीडशे वर्षे आधीची आहे. चहा 'उकळून बिघडवला' म्हणून हल्ली जे नाक मुरडतात, त्यांनी ही तारीख ध्यानात ठेवावी.

ओव्हिंग्टन तेवढ्यावर थांबला नाही. मायदेशी परतल्यावर १६९९ मध्ये त्याने चहावर एक स्वतंत्र पुस्तिकाच छापली. तिच्या मुखपृष्ठावरच विषयांची यादी आहे: चहा पिकतो ती जमीन व हवामान, चहाचे प्रकार, उत्तम चहा निवडण्याचे नियम, तो टिकवण्याचे उपाय आणि त्याचे गुण. प्रकार तीन: बोही, सिंग्लो आणि बिंग. यांपैकी बोही हे नाव चीनच्या फूच्येन प्रांतातील वूयी डोंगरांवरून आले. कापड्याच्या त्या काल्पनिक डब्यातील चहाचे मूळही याच प्रांतात आहे.

मात्र ओव्हिंग्टनच्या यादीत पांढरा चहा नाही, आणि तो तिथे शोधूही नये. सोंग घराण्यातील सम्राट हुइझोंगने बाराव्या शतकाच्या आरंभी चहावर ग्रंथ लिहिला, त्यात 'पांढरा चहा' हे शब्द येतात. पण तो दाबून वडी केलेला, दळून पाण्यात घुसळलेला चहा होता. आज ज्याला पांढरा चहा म्हणतात, तो फूच्येनमधील फूदिंग आणि झंगहे या भागांत आकाराला आला. मोठ्या, लवदार कोंबांची झुडपे तिथे एकोणिसाव्या शतकात हाती लागल्यावर त्याला आजचे रूप मिळाले. नाव तेच आणि वस्तू वेगळी, हा सापळा इतिहासात पावलोपावली असतो.

मग चहा या खोऱ्यात आला कसा? १८२८ नंतर महाबळेश्वर हे मुंबई सरकारचे थंड हवेचे ठिकाण झाले. तेव्हा साहेब लोक मुंबईहून गलबताने बाणकोटला येत, सावित्रीच्या खाडीतून दासगाव-महाडपर्यंत चढत आणि पुढे पोलादपूरवरून पालखीने घाट गाठत. त्यांच्या सामानात चहा असणार, हे अनुमान धाडसाचे नाही. आणि तो चिनी पानांचाच असणार, कारण आसामच्या चहाचा लंडनमधील पहिला लिलाव १८३९ चा. पण ही पेटी खोऱ्यातल्या माणसांच्या डोक्यांवरून घाट चढली, त्यांच्या घरात उतरली नाही. हा डोंगर चहा पिकवणाराही नव्हे. पाऊस उदंड, पण चार महिन्यांत कोसळून जाणारा. पुढचे सात-आठ महिने कोरडे. महाबळेश्वरी लिंगमळ्याला सरकारने १८६० च्या दशकात सिंकोना लावून पाहिला, तो प्रयोगही फसला.

घराघरात चहा शिरला तो विसाव्या शतकात. १९०३ च्या कायद्याने निर्यातीच्या चहावर उपकर बसला आणि त्या पैशातून देशात प्रचार सुरू झाला. जत्रांत, गिरण्यांत, रेल्वे स्थानकांवर प्रचारक चहा करून दाखवू लागले. त्यांचा पाठ असा: पाणी ताजे उकळा, किटलीत पाने घाला, पाच मिनिटे झाका, दूध शेवटी. लोकांनी चहा घेतला आणि पाठ सोडून दिला. चहावाल्यांनी पत्ती कमी, दूध जास्त आणि मसाला घालून तो उकळला. प्रचारकांना याचा राग येई, पण सुरतेची जुनी रीतच नव्या रूपात परतली होती. पुढे १९३० च्या सुमारास आसामात पान चिरडून, फाडून, वळवून दाणे करणारे यंत्र आले. त्यातून निघालेली बारीक ममरी दुधाच्या चहासाठी जणू बेतलेलीच होती. चिरडलेल्या पानाचा रस काळवंडून सुकलेला असतो. आधणात पडताच रंग, कडवटपणा, कस सगळे बाहेर येते.

पांढऱ्या चहाचे नेमके उलटे. कोवळे कोंब खुडतात, पसरून सावकाश कोमेजू देतात आणि वाळवतात. मळणे नाही, चिरडणे नाही, कढईत परतणे नाही. पानाच्या पेशी जवळजवळ अखंड राहतात, म्हणून त्याचा अर्क हळूहळू उतरतो आणि रंग गवताच्या काडीपलीकडे जात नाही. दुधासमोर तो टिकणे शक्यच नाही.

निवड करताना पाहायचे तेही यातूनच ठरते. कोंब जाडसर आणि सगळे हवेत, त्यांवरची रुपेरी लव शाबूत हवी. डब्याच्या तळाशी चुरा असेल, तर माल हाताळणीत मोडलेला आहे. काळपट-तांबड्या कडा वाळवण्यातील हयगय सांगतात. वास सुकलेल्या गवतासारखा, किंचित फुलांचा असावा, कुबट नसावा. नुसते कोंब असलेली 'रुपेरी सुई' सर्वांत महाग. कोंबाबरोबर एक-दोन पाने असलेला 'पांढरा पिओनी' अधिक भरीव चवीचा, आणि पहिल्यांदा घेणाऱ्यासाठी तोच शहाणपणाचा. दार्जिलिंग आणि निलगिरीतही पांढरा चहा होतो. मळ्याचे नाव आणि खुडणीचा हंगाम डब्यावर नसेल, तर विक्रेत्याला विचारावा.

माप चमच्याने घेऊ नये, कारण ही पाने फुगीर आणि हलकी असतात. दीडशे-दोनशे मिलिलिटर पाण्याला तीन ग्रॅम पुरे. आधण आले की भांडे खाली उतरवून चार-पाच मिनिटे उघडे ठेवावे. पाणी ८० ते ८५ अंशांवर येते. ते पानांवर ओतून झाकावे आणि चार मिनिटांनी गाळावे. साखर, दूध, आले काही नको. तीच पाने आणखी दोन-तीनदा चालतात, दर वेळी थोडी अधिक मुरवायची.

डबा घट्ट झाकणाचा हवा, आणि तो मसाल्याच्या फळीपासून दूर. कापड्याच्या आषाढात पापडसुद्धा सादळतो, तिथे उघड्या पुडीतला हा चहा पंधरवडाही तग धरणार नाही. गणपतीला आलेला डबा दिवाळीच्या कोरड्या हवेत फोडलेला बरा.