'एफ ११' या खुणेची गोष्ट

दवाखान्याच्या कागदावर कधीकधी 'एफ ११' अशी खूण असते. अफू, हेरॉईन, मॉर्फीन, वेदनेच्या काही गोळ्या, यांच्या वापरातून जडलेला विकार असा तिचा अर्थ. आजारांना अशा खुणा देण्याची रीत कुठून आली, ते आज आम्ही सांगणार आहोत.

सुरुवात झाली मरणाच्या नोंदींपासून. पॅरिसच्या जाक बर्तियाँ यांनी १८९३ साली मृत्यूच्या कारणांची यादी मांडली. १९४८ साली ती जागतिक आरोग्य संघटनेकडे आली, आणि जिवंत माणसांचे आजारही तिच्यात आले. पण व्यसन ठेवायचं कुठल्या खणात? अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं १९५२ साली आपलं पुस्तक काढलं, त्यात ते समाजविघातक स्वभावाच्या खणात होतं. म्हणजे माणूस आजारी नव्हे, वाईट वळणाचा. आपल्याकडे अजून हेच बोलतात, आणि बोल लागतो घरच्या बाईला!

१९६४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी 'व्यसन' सोडून 'अवलंबित्व' हा शब्द धरायला सांगितलं. १९९० साली मंजूर झालेल्या यादीच्या दहाव्या आवृत्तीत त्याची सहा लक्षणं आहेत: अनावर ओढ, ताबा सुटणं, न मिळाल्यास अंग मोडून येणं, मात्रा वाढत जाणं, बाकी सगळ्यावरून मन उडणं, नुकसान दिसूनही घेत राहणं. वर्षभरात यातली तीन एकत्र दिसली तर अवलंबित्व. नुसत्या अंग मोडण्यावरून ते ठरत नाही. कॅन्सरच्या दुखण्यावर डॉक्टरांनी सासूबाईंना मॉर्फीन दिलं आणि कुणी 'आता सवय लागेल' म्हणून ते बंद करायला सांगू लागलं, तर हे ध्यानात असू द्या.

आम्हाला मोलाची वाटते ती टिंबापुढची बारीक खूण. एफ ११.२४ म्हणजे वापर चालू. एफ ११.२० म्हणजे सध्या बंद. आणि एफ ११.२२ म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीखाली पर्यायी औषधावर. ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली धरणारा माणूस तो हा. शेजारीपाजारी म्हणतात, एक नशा सोडली नि दुसरी धरली. यादीत मात्र त्याची जागा वापर चालू असणाऱ्यापासून वेगळी आहे. ही गोळी घरच्यांनी मनानं बंद करू नये.

२०२२ पासून अकरावी आवृत्ती लागू झाली आहे, तिच्यात हीच खूण '६सी४३' अशी आहे. कागदावर दोन्हींपैकी कुठलीही दिसेल. कागद जपून ठेवा, दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर तोच दाखवा. सरकारी नशामुक्ती मदतीचा फोन आहे १४४४६, त्याला पैसे पडत नाहीत.