वही कोणाची? आरोग्याच्या नोंदींचा प्रवास, रजिस्टरपासून मोबाइलपर्यंत

(व्याख्यानाचे शब्दांकन)



मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं, की आपल्या देशातली आरोग्यसेवा संगणकावर यायला इतका उशीर का झाला? पैसा नव्हता म्हणून, की माणसं शिकलेली नव्हती म्हणून? प्रश्न चांगला आहे. पण त्यात एक गृहीत दडलेलं आहे, की यंत्र उशिरा आलं. तसं झालेलं नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यातच राजस्थानातल्या अजमेर जिल्ह्यात आरोग्यसेविकांसाठी ॲपल कंपनीचं ‘न्यूटन’ हे हातात मावणारं यंत्र प्रयोग म्हणून वापरून पाहिलं गेलं. पडद्यावर हिंदी होतं, चित्रं होती. १९९८ मध्ये कंपनीने ते यंत्र बनवणंच थांबवलं, ही गोष्ट वेगळी. सांगायचं ते हे, की यंत्र आपल्या दारात बरंच आधी येऊन उभं होतं. मग ते घरात रुळायला वेळ का लागला? याचं उत्तर शोधायचं तर आपल्याला यंत्राच्या आधीच्या वहीकडे जावं लागेल.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे एक जुनी गोष्ट आधी सांगतो. आपले नैयायिक प्रत्यक्ष आणि शब्द ही दोन वेगळी प्रमाणं मानतात. डोळ्यांनी पाहिलं ते प्रत्यक्ष. विश्वासू माणसाने सांगितलं ते शब्दप्रमाण. आता जिल्ह्याच्या कचेरीत बसलेल्या साहेबाला ‘या महिन्यात अमुक बालमृत्यू’ हा आकडा दिसतो. तो पडद्यावर दिसतो म्हणून आपण त्याला प्रत्यक्ष समजतो. पण ते शब्दप्रमाण आहे. कुठल्यातरी पाड्यावर कुणीतरी बाईने कुणाला तरी सांगितलं, तिने ते लिहिलं, ते वर गेलं. सांगणारी घाबरलेली असेल, तर संगणक कितीही वेगवान असो, वर पोचते ती भीतीच.

हे आपल्या पुण्यानेच पाहिलेलं आहे. १८९७ चा प्लेग. फेब्रुवारीत साथरोग कायदा आला, मार्चपासून रँडच्या हाताखाली गोरे सोजीर घरोघर शिरून रोगी शोधू लागले. सरकारच्या दृष्टीने ती माहिती गोळा करण्याची मोहीमच होती. लोकांनी काय केलं? आजारी माणूस लपवला. प्रेतंही लपवली. २२ जूनला काय झालं ते आपण सगळे जाणतो, त्यात शिरत नाही. आपल्या विषयापुरता मुद्दा एवढाच, की जिथे नोंद होणं म्हणजे घरातलं माणूस उचलून नेलं जाणं, तिथे कुणीही खरी नोंद देत नाही.

याच काळातली दुसरी वही म्हणजे कोतवाल बुक. गावातले जन्म आणि मृत्यू त्यात लिहिले जात, जातीसकट. आज ती वही कुणाला आठवते? जात पडताळणीसाठी नक्कल काढायला तहसील कचेरीत हेलपाटे घालणाऱ्यांना! जन्ममृत्यू मोजण्यासाठी लिहिलेली ओळ, तीन पिढ्यांनंतर पणतूच्या कॉलेजप्रवेशाचा निकाल लावते. ज्याने ती सांगितली आणि ज्याने लिहिली, त्या दोघांच्या स्वप्नातही हे नसेल. नोंद एका कामासाठी होते आणि भलत्याच कामाला येते. हे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ मध्ये, भोर समितीचा अहवाल आला. आज दिसणाऱ्या प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना तिथली. पुढे त्याखाली उपकेंद्रं आली, मैदानी भागात साधारण ५,००० लोकवस्तीला एक, आदिवासी आणि डोंगराळ भागात ३,००० ला एक. या उपकेंद्रात बसते ती आपली नर्सबाई, एएनएम. तिच्या टेबलावर काय असतं? पात्र जोडप्यांचं रजिस्टर, गरोदर मातांचं, लसीकरणाचं, जन्ममृत्यूचं, औषधसाठ्याचं. एकच बाई, एकच नाव, तीन-चार ठिकाणी लिहायचं. महिनाअखेरीला बेरजा करून वर पाठवायचं. आणि वरून परत काय यायचं? बहुतेक वेळा फक्त पुढच्या महिन्याचं टार्गेट.

टार्गेटने काय केलं ते आणीबाणीत दिसलं. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. शिक्षक, तलाठी, नर्स, सगळ्यांच्या गळ्यात आकडे बांधलेले. इथे आकडा वास्तवाचं वर्णन करत नव्हता. आकडा गाठण्यासाठी वास्तव वाकवलं जात होतं. ही टार्गेटपद्धत कागदावरून जायला १९९६ उजाडलं. आणि सवय काही कागदाबरोबर जात नाही. २००१ मध्ये ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल आला, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. महाराष्ट्रातले कितीतरी बालमृत्यू सरकारी नोंदीत येतच नाहीत, हे त्याने दाखवून दिलं. मूल गेल्याची नोंद केली की जाब विचारला जाणार, मदत येणार नाही. मग कोण लिहील?

आता थोडं लांब, दक्षिण आफ्रिकेत जाऊ, कारण आपल्याकडच्या गोष्टीचा एक धागा तिथून येतो. वर्णद्वेषी राजवट संपली तेव्हा त्या देशात १४ वेगवेगळी आरोग्य खाती होती. प्रत्येकाचे तक्ते वेगळे. १९९४ नंतर तिथल्या काही कार्यकर्त्यांनी आणि नॉर्वेतल्या ऑस्लो विद्यापीठातल्या संशोधकांनी मिळून एक साधा विचार मांडला. माहिती कमीत कमी गोळा करायची, आणि जो ती गोळा करतो त्याला ती आधी वापरता आली पाहिजे. दवाखान्यातल्या नर्सलाच आपल्या भागाचा आलेख काढता यावा. त्यातून ‘डीएचआयएस’ ही प्रणाली उभी राहिली, कुणालाही मोफत वापरता येईल अशी. २००० मध्ये ती आंध्रातल्या कुप्पमला आली. तिची दुसरी आवृत्ती, डीएचआयएस-२, २००६ मध्ये केरळात पहिल्यांदा कामाला लागली, आणि आज ती ७० हून अधिक देशांत चालते. गरीब देशांच्या गरजेतून घडलेलं, आणि आपल्याच केरळात पहिल्यांदा चाललेलं हे तंत्र आहे. ‘आपण तंत्रज्ञान नुसतं उसनं आणतो’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

मात्र एक आहे. प्रणाली आली म्हणून तिच्यामागचा विचार येतोच असं नाही. २००५ मध्ये ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं, आशाताई आल्या. २००८ मध्ये देशभराचं माहिती पोर्टल आलं. २००९ च्या अखेरीस प्रत्येक गरोदर बाईचा आणि बाळाचा नावानिशी माग ठेवणारी व्यवस्था आली. कल्पना उत्तम होती, कुणाची लस राहिली ते कळावं. पण रजिस्टर काही गेलं नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही एका उपकेंद्रात थोडा वेळ बसलो होतो. तिथल्या सिस्टर आधी वहीत लिहीत, मग टॅबवर तेच भरत, आणि रेंज नसली तर रात्री घरी गेल्यावर. आम्ही विचारलं, यातून तुम्हाला काय मिळतं? त्या हसल्या. म्हणाल्या, “सर, मला काय मिळायचं? वरून फोन येतो, एंट्री का राहिली म्हणून.” आमच्या मते श्रोत्यांच्या प्रश्नाचं उत्तर या एका वाक्यात आहे. संगणक आला, पण तो जुन्या रजिस्टरच्या जागी न बसता त्याच्या डोक्यावर बसला.

याच्या उलट एक उदाहरण, तेही कागदाचं. १९५०-६० च्या दशकांत डॉ. डेव्हिड मॉर्ले नायजेरियात काम करत होते. त्यांनी मुलाच्या वजनाचा तक्ता दवाखान्यात न ठेवता आईच्या हातात दिला. बायका तो हरवतील, अशी शंका होती. अनुभव उलटा आला. आयांनी तो जिवापाड जपला. आपल्याकडचं माता-बाल संरक्षण कार्ड याच कुळातलं. कुठल्याही खेड्यात जा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पेटीच्या तळाशी, रेशनकार्डाशेजारी ते ठेवलेलं असतं. का? कारण ते तिचं आहे. ते वर जात नाही, तिच्याजवळ राहतं, आणि वजनाची रेघ खाली झुकली तर तिला न वाचताही कळतं.

मग आला कोविड. १६ जानेवारी २०२१ ला लसीकरण सुरू झालं आणि कोविन सगळ्यांच्या तोंडी झालं. त्याला श्रेय द्यायलाच हवं. जुलै २०२२ पर्यंत २०० कोटी मात्रांची नोंद झाली, आणि प्रमाणपत्र थेट माणसाच्या हातात आलं. इथे नोंदीतून नोंदवणाऱ्याला काहीतरी परत मिळालं, म्हणून लोकांनी ती स्वीकारली. पण १ मे २०२१ चे दिवसही आठवा. १८ ते ४४ वयाच्या लोकांना ऑनलाइन नोंदणी सक्तीची, पोर्टल इंग्रजीत, आणि शहरातली चपळ बोटं खेड्यातल्या केंद्रांवरचे स्लॉट मिनिटांत पटकावत. गावातला माणूस आपल्याच गावच्या केंद्राबाहेर उभा! सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात या डिजिटल दरीवर बोट ठेवलं. जागेवर नोंदणीची मुभा आली, जूनमध्ये मराठीसह इतर भाषा आल्या. म्हणजे दुरुस्ती होऊ शकते, कुणीतरी विचारावं लागतं.

आज आपण आयुष्मान भारत डिजिटल मिशनपाशी उभे आहोत. सप्टेंबर २०२१ पासून ते देशभर आहे. १४ आकडी ‘आभा’ क्रमांक, आणि आपली कागदपत्रं आपल्या संमतीने एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे जावीत, ही कल्पना. कल्पना म्हणून आम्हाला ती मनापासून पटते, आणि त्याला घरगुती कारण आहे. आमच्या घरी मधुमेह आहे. एका रुग्णालयाने सॉफ्टवेअर बदललं आणि सौ.ची अनेक वर्षांची फाइल सापडेनाशी झाली. दुसरीकडे गेलो तेव्हा डॉक्टरांनी वापरली ती तिची स्वतःची वही, दोनशे पानी, रोजची साखर लिहिलेली. आणि त्याच दिवशी तिथल्या खिडकीवर आधार दिल्यावर तिचा आभा क्रमांकही निघाला. संमती द्यायची की नाही, हे काही कुणी विचारलं नाही. नियमाप्रमाणे तो ऐच्छिक आहे. रांगेत मागे वीस माणसं उभी असताना ऐच्छिक या शब्दाला किती अर्थ उरतो?

कोतवाल बुक आठवा म्हटलं होतं ते यासाठी. २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला, २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला. ही मोठी पावलं आहेत. पण आज लिहिलेली क्षयरोगाची, मनोविकाराची, गर्भपाताची एखादी ओळ उद्या विम्याच्या, नोकरीच्या, लग्नाच्या कामी लावली जाणार नाही, हे फक्त कायद्याने होत नाही. लिहून घेणाऱ्याला आणि लिहू देणाऱ्याला, दोघांनाही विचारायची सवय लागावी लागते.

तेव्हा श्रोत्यांच्या प्रश्नाला आमचं उत्तर असं. उशीर पैशाने किंवा अडाणीपणाने जितका केला, त्याहून अधिक तो वहीच्या मालकीने केला. शंभर-सव्वाशे वर्षं आपण खालून वर लिहीत आलो, वरून खाली फारसं काही आलं नाही. पुढच्या वेळी दवाखान्यात तुमची माहिती कुणी टंकू लागलं, की शांतपणे दोन गोष्टी विचारा. हे कुठे जातं? आणि यातलं मला परत काय मिळतं? टंकणाऱ्या मुलीवर चिडू नका, तिलाही ते कुणी सांगितलेलं नसतं.

इथे थांबू. प्रश्न असतील ते पुढच्या भेटीत घेऊ.