दाराशी उभ्या ठेवलेल्या फळ्या

उधन्यात बसून बर्फावरून घसरण्याच्या विद्येचा इतिहास लिहावा, हे काही वाचकांस विनोदाचे वाटेल. आपल्याकडची थंडी जानेवारीतल्या चार पहाटांपुरती, आणि चढउतार म्हणावा तर रेल्वेवरच्या पुलाचा. तरीही या अंकासाठी आम्ही हाच विषय घेतला. ज्यांचे आजे-पणजे तापी खोऱ्याच्या रेल्वेने खानदेशातून या बाजूस उतरले, किंवा त्याही आधी कोकणातून, देशावरून सुरतेच्या आश्रयास आले, त्यांस परका वाटू नये असे या इतिहासात पुष्कळ आहे. आल्प्सच्या उतारांवर आज जो श्रीमंती खेळ चालतो, तो रुजवण्यात गाव सोडून गेलेल्या माणसांचा वाटा फार मोठा आहे.

आरंभ नॉर्वेपासून करावा लागतो. ‘स्की’ या शब्दाचा तिकडच्या भाषेतला मूळ अर्थ लाकडाची चिरफळी. शिकारीस जाणे, सरपण आणणे, शेजारच्या वाडीवर निरोप पोचवणे, अशा कामांसाठी लोक या लांब फळ्या पायांस बांधत. बांधणी बोटांपाशी, एका वादीची, टाच मोकळी. सपाटीवर ते चाले, पण उतारावर वळू गेले की फळी पायातून निसटे. टेलेमार्क प्रांतातल्या मोर्गेडाल खोऱ्यात सोंद्रे नोरहाइम नावाचा एक गरीब माणूस १८२५ साली जन्मला. पोटापुरती शेती आणि सुतारकाम करणाऱ्या या माणसाने विलोच्या कोवळ्या फांद्यांचा पीळ घालून टाचेमागून वेढा दिला, फळ्या आखूड केल्या, मध्यभागी किंचित निमुळत्या कापल्या. एवढ्या बदलाने माणूस उतारावर वळू लागला, उडी मारून उभा राहू लागला. १८६८ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, तो सुमारे २०० किलोमीटर स्कीवरूनच राजधानी ख्रिस्तियानियास, म्हणजे आजच्या ऑस्लोस, गेला आणि तिथल्या तरुणांस मागे टाकून शर्यत जिंकला.

याच्या पुढची हकीकत मात्र खेळाच्या पुस्तकांत दोन ओळींत आटपलेली असते. आम्हांस ती सर्वांत महत्त्वाची वाटते. कीर्तीने पोट भरेना. १८८४ साली नोरहाइम बायकोमुलांसह अमेरिकेस निघाला. आधी मिनेसोटात आणि मग डाकोटाच्या माळरानावर स्थिरावला. तो प्रदेश दृष्टी पोचेल तिथवर सपाट. बर्फ भरपूर, पण घसरावे कुठून? त्याच्या घराच्या दाराशी स्कीची जोडी नेहमी उभी असे, असे सांगतात. १८९७ साली तो तिथेच वारला, आणि कित्येक वर्षे त्याच्या कबरीवर नावाची खूणही नव्हती.

इकडे त्याच्या खोऱ्याच्या बोलीतला एक शब्द जगभर जाऊन बसला. ‘स्लालोम’ हा तो शब्द. ‘स्ला’ म्हणजे उतरण आणि ‘लोम’ म्हणजे घसरत गेल्याने उमटलेली वाट. आज टोकियोपासून तेहरानपर्यंत खेळाडू हा शब्द उच्चारतात, आणि तो एका दूरच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांच्या बोलीतला आहे हे त्यांच्या गावीही नसते. आमच्या काही घरांत आजीबरोबर अहिराणी संपली. असा एखादा तरी शब्द तिने मागे ठेवला असेल काय, हा विचार मनात येतो. १९५२ सालच्या ऑस्लोच्या हिवाळी ऑलिंपिकची ज्योत नोरहाइमच्या जुन्या घरातल्या चुलीवर पेटवली गेली. तोवर त्याला जाऊन ५५ वर्षे झाली होती.

त्याच टेलेमार्कातला, दहा वर्षांचा असताना आईबरोबर अमेरिकेस आलेला जॉन थॉम्सन १८५६ पासून वीस हिवाळे सिएरा नेवाडा पर्वत ओलांडून टपाल नेत असे. सरकारदरबारी अर्ज करूनही त्या कामाचा मोबदला त्याला मिळाला नाही. परमुलखात कामाला येणारी विद्या आणि तिची पडणारी किंमत यांचा मेळ तेव्हाही नव्हता.

आल्प्समध्ये ही विद्या पोचली ती पुस्तकातून. फ्रिड्जोफ नान्सेन याने १८८८ साली पाच सोबत्यांसह ग्रीनलंडचे हिमाच्छादन स्कीवरून ओलांडले. त्याचे पुस्तक वाचून माथियास झ्दार्स्की या मोरावियातून ऑस्ट्रियात येऊन राहिलेल्या गृहस्थाने नॉर्वेहून स्की मागवल्या. लिलियेनफेल्डच्या उभ्या उतारांवर त्या निकामी ठरल्या, तेव्हा त्याने त्या आखूड करून टाचेस पोलादी बांधणी बसवली, आणि आल्पाइन तंत्राचे पहिले पुस्तक लिहिले. त्याचा कित्ता पुढे हान्नेस श्नायडरने सेंट आंटोनच्या शाळेत घोटवला. १९३८ साली नाझींनी ऑस्ट्रिया गिळताच श्नायडरला अटक झाली. पुढच्या वर्षी तो अमेरिकेतल्या नॉर्थ कॉनवे या गावी पोचला आणि मरेपर्यंत तिथेच शिकवत राहिला.

आपल्या देशाचा धागाही यात आहे. १९२२ साली म्युरेन येथे आधुनिक स्लालोमची पहिली शर्यत घेणारे आर्नल्ड लन हे १८८८ साली मद्रासेत जन्मले. उतारावरच्या शर्यतीचा पहिला करंडक लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या नावाचा. त्यांची पदवी ‘कंदाहारचे’. म्हणून त्या क्लबाचेही नाव कंदाहार पडले. १८८० साली काबूलहून कंदाहारकडे धावलेल्या रॉबर्ट्स यांच्या फौजेत हिंदी शिपाई मोठ्या संख्येने होते. त्या तंगडतोडीचे नाव स्विस डोंगरावरच्या हौशी मंडळास मिळावे, ही इतिहासाची एक थट्टाच.

आखलेला, यंत्राने दाबून सारखा केलेला उतार ही या खेळाची एक बाजू झाली. दुसरी बाजू त्या वाटेबाहेरची, हिमनदीवरची. हिमनदी स्थिर दिसते, पण वाहत असते. तळाचा खडक जिथे उभा होतो तिथे तिची पाठ ताणली जाऊन फाटते आणि खोल भेगा पडतात. हिवाळ्यात वाऱ्याने वाहून आलेला बर्फ त्या भेगांवर पातळ पूल बांधतो. लांब स्कीवर वजन विभागले जाते म्हणून घसरत जाणारा माणूस त्या पुलावरून पार होतो; तोच क्षणभर थांबून स्की काढून उभा राहिला तर खाली जाऊ शकतो. म्हणून तिथे दोर, कमरेचा पट्टा आणि वाटाड्या यांवाचून कोणी शहाणा जात नाही. उन्हाने पूल मऊ पडण्याआधी, सकाळीच उतरून येण्याचा रिवाज आहे. झ्दार्स्की स्वतः १९१६ साली हिमलोटात सापडला आणि शरीरभर मोडून जगला.

भारतात गुलमर्गला स्की क्लब १९२७ साली ब्रिटिश अधिकाऱ्यांनी काढला. १९४८ साली तिथे थिमय्या यांनी लष्कराची स्कीशाळा उघडली; तीच पुढे उंचावरील युद्धाची शाळा झाली. २००५ साली अफर्वत डोंगरावर, सुमारे ३,९५० मीटरवर, पाळणागाडी पोचली, आणि परदेशी हौशी लोक आखलेल्या वाटेबाहेर उतरू लागले. २०२३ आणि २०२४ या लागोपाठच्या दोन हिवाळ्यांत त्या उतारांवर हिमलोटात परदेशी पाहुणे दगावले.

पण आपल्या देशात हिमनदीवरची स्की हौसेपुरती राहिली नाही. १९६१ साली नीलकंठावर हिमदंशाने पायाची बोटे गमावलेले नरेंद्र कुमार यांनी १९७६ साली त्रिशूळ शिखरावर स्कीमोहीम नेली, आणि १९७८ साली सियाचीनवर. १९८४ पासून तिथे आपली फौज आहे. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी तिथल्या एका चौकीवर बर्फाची भिंत कोसळून दहा जवान गेले. त्यांत सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याचा, म्हणजे पाण्यासाठी आभाळाकडे पाहणाऱ्या मुलखाचा, एक होता. मराठी घरांतली बर्फाशी ओळख पुष्कळदा अशीच होते.

आता उतारच आटू लागले आहेत. २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांनी आपल्या घनफळाचा दहावा हिस्सा गमावला. झेर्माटजवळच्या हिमनदीवर ठेवलेली जागतिक शर्यत त्याच दोन वर्षांत एकदाही होऊ शकली नाही आणि शेवटी वेळापत्रकातून गेली. इटलीतल्या प्रेसेना हिमनदीवर २००८ पासून अनेक उन्हाळे लोक कापड अंथरत. पांढऱ्या कृत्रिम धाग्याचे लांबलचक पट्टे डोंगरावर नेऊन एकमेकांस जोडत, वाऱ्याने उडू नयेत म्हणून वजने ठेवत, आणि पावसाळी थंडी सुरू झाली की पुन्हा गुंडाळत. सुमारे एक लाख चौरस मीटर कापड त्यासाठी लागे. उधन्यातल्या मागवाल्यांना हा आकडा आम्ही ऐकवला, तेव्हा त्यांनी प्रथम त्याचे वजन विचारले, आणि मग असे कापड किती उन्हाळे टिकते, ते.