शारदासदनाचे राजीनामे

घरातल्या छळातून सुटलेल्या बायकांना आसरा देणाऱ्या संस्थेचा विश्वस्त नेमका कोणाला बांधील असतो? देणगीदाराला, संस्थेच्या नावलौकिकाला, की आत राहणाऱ्या बाईला? पुण्यात १८९३ साली हा प्रश्न चव्हाट्यावर आला, आणि तेव्हाच्या मोठ्या माणसांनी दिलेलं उत्तर चुकलं असं माझं मत आहे. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन काढलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. केशवपन झालेल्या, एक वेळ जेवून घरभर राबणाऱ्या विधवा मुलींना तिथे राहायला जागा आणि शिक्षण मिळे. त्या छळाला तेव्हा हिंसा म्हणत नसत, धर्म म्हणत. खर्चाचा भार बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षांसाठी उचलला होता. इथल्या लोकांचा भरवसा बसावा म्हणून सल्लागार मंडळ होतं, त्यात न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर, न्यायमूर्ती तेलंग अशी माणसं. म्हणजे पैसा एकीकडे, पत दुसरीकडे, आणि जिच्यासाठी हे सगळं उभं राहिलं ती मुलगी या दोन्ही ठिकाणी नव्हती.

सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता पाळली जाईल, असं ठरलं होतं. रमाबाई स्वतः ख्रिस्ती होत्या आणि आपली प्रार्थना त्या दार लावून करत नसत. काही मुली तिथे येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली, पालक बिथरले, आणि ऑगस्ट १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांनी सदनाशी संबंध तोडला. अनेक मुलींना घरी नेण्यात आलं. बॉस्टनच्या मंडळाने मात्र रमाबाईंची साथ सोडली नाही, म्हणून सदन टिकलं. सल्लागार मंडळाच्या बाजूने म्हणता येईल ते कमी नाही. शब्द दिला गेला होता, पालकांनी त्या शब्दावर मुली धाडल्या होत्या, आणि दिलेला शब्द पाळला जातो की नाही हे पाहणं हेच सल्लागाराचं काम. हे मला मान्य आहे. रमाबाईंची त्यात काही चूक नव्हती, असंही मी म्हणणार नाही. पण शब्द पाळला जावा यासाठी झगडणं वेगळं आणि हात झटकून बाहेर पडणं वेगळं. प्रतिष्ठित माणूस बाहेर पडला की त्याची प्रतिष्ठा शाबूत राहते. ज्या घरातून मुलगी सुटून आली, त्याच घरात ती परत जाते. राजीनाम्याची किंमत राजीनामा देणारा मोजत नाही, ही गोष्ट त्या वादात फारच थोड्यांनी बोलून दाखवली.

कोणी म्हणेल, लोकांचा विश्वास गमावून संस्था चालत नाही, तेव्हा नावलौकिक जपणं हीसुद्धा आतल्या बायकांचीच सेवा आहे. या म्हणण्याला मोठा आधार अण्णासाहेब कर्व्यांचा आहे. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली, आणि तिचे अध्यक्ष झाले तेच डॉ. भांडारकर. कर्व्यांनी स्वतः शारदासदनातल्या गोदूबाईंशी पुनर्विवाह केला होता. तरी देणगीदार दुरावू नयेत म्हणून पुनर्विवाहाची चळवळ त्यांनी आश्रमाच्या कामापासून वेगळी ठेवली. आश्रम वाढला, हिंगण्याला गेला. सावधपणाचं हे फळ खरंच आहे. पण तेवढ्यानेच आश्रम तरला असं मानणं चुकीचं ठरेल. पार्वतीबाई आठवले स्वतः विधवा, तिथेच शिकल्या आणि मग त्याच आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत हिंडल्या. इथे जिला आसरा मिळाला तीच संस्थेची वाली झाली. शारदासदनाच्या सल्लागार मंडळात असा आवाज असता तर राजीनामा देण्याआधी निदान एक प्रश्न विचारला गेला असता: या मुली जाणार कुठे?

आज विश्वस्तांवर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० लागू आहे. हिशेब तपासले जातात, संस्थेतल्या बदलांचे अर्ज धर्मादाय आयुक्तांकडे जातात. हे आवश्यकच आहे, पण हिशेब पैशाचा आहे. अशा संस्थेचं विश्वस्तपद कोणी तुम्हाला देऊ केलं, तर ते जरूर घ्या. मात्र घेण्याआधी एवढं विचारा, की या मंडळात इथे राहून गेलेली एक तरी बाई आहे का. आणि नसेल, तर पहिल्याच बैठकीत तिच्यासाठी जागा मागा.