छपराचा हिशेब



कामगार संघटनेत आमची बहुतेक भांडणे पगाराची. पण पगार थोडा वाढावा आणि खोलीच्या भाड्याने तो गिळून टाकावा, हे इतक्यांदा पाहिले, की मजुरी आणि घर यांचे नाते इतिहासात तपासावे असे वाटू लागले. मी कॉलेजात गेलेला माणूस नव्हे. वाचनालयात बसून जे वाचले, त्यातली तीन प्रकरणे आपल्यापुढे ठेवतो.

पहिले आपल्या कोल्हापूरचे. 1901 साली शाहू महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले. पुढे निरनिराळ्या समाजांची बोर्डिंगे निघत गेली आणि 1908 साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. हा इतिहास आपण शिक्षणाचा म्हणून सांगतो. मला तो निवाऱ्याचाही वाटतो. शाळेचे दार उघडले तरी खेड्यातल्या मुलाने रात्री पाठ कोठे टेकायची? त्याच्यापाशी भाड्याला पैसा नसे. आणि पैसा असला तरी जात विचारून दार लावले जाई. तेव्हा घरांची टंचाई ही नुसती विटामातीची टंचाई नसते. महाराजांनी जागा, इमारती व उत्पन्ने दिली आणि कारभार त्या त्या समाजाच्या माणसांच्या हाती सोपवला. जातवार वेगळी घरे ही त्या व्यवस्थेची मर्यादा होती, हे मान्यच केले पाहिजे. परंतु जागेचे ओझे मुलाच्या बापावर पडले नाही, म्हणूनच ती मुले शहरात टिकली.

दुसरे प्रकरण मुंबईचे. आपल्या भागातलीही पुष्कळ माणसे तेथे गिरण्यांत गेली. 1896 च्या प्लेगने दाट वस्तीची किंमत दाखवून दिली होती. 1920 साली सरकारने डेव्हलपमेंट खाते उघडून कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प सोडला आणि त्यासाठी कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे 207 चाळी, म्हणजे सोळा हजारांवर खोल्या उभ्या राहिल्या. एक खोली 160 चौरस फुटांची. आणि नवल असे, की शहरात माणसे दाटीने राहत असताना पहिली काही वर्षे यांतल्या पुष्कळ खोल्या रिकाम्या होत्या! भाडे कामगाराला झेपेना आणि बांधकाम राहण्याजोगे वाटेना. बांधणाऱ्याने राहणाऱ्याला विचारले नव्हते.

तिसरे प्रकरण सोलापूरचे, अलीकडचे. तेथील विडी कामगार बायांना तुकड्यावर मजुरी. बँक कर्ज देण्यास तयार होईना, कारण तारण काय ठेवणार? नरसय्या आडम मास्तरांच्या नेतृत्वाखाली त्या संघटित झाल्या, गोदूताई परुळेकरांच्या नावाने सहकारी गृहनिर्माण संस्था काढली, वर्षानुवर्षे मोर्चे काढले. केंद्र, राज्य आणि त्या स्वतः अशा तिघांच्या वाट्यातून कुंभारी येथे दहा हजार घरे झाली. ती 2006 साली ताब्यात मिळाली. त्याच वाटेने पुढे रे नगरची तीस हजार घरांची योजना आली आणि तिच्यातील पंधरा हजार घरांच्या चाव्या जानेवारी 2024 मध्ये देण्यात आल्या.

तिन्ही प्रकरणे शेजारी ठेवली म्हणजे हिशेब स्पष्ट होतो. मजुराच्या एकट्या मजुरीतून शहरात घर निघालेले नाही. जेथे निघाले, तेथे मोठा वाटा समाजाने किंवा सरकारने उचलला होता, आणि कारभारात राहणाऱ्याचा हात होता. मुंबईत सरकारने पैसा ओतला, पण हा हात नव्हता. म्हणून खोल्या रिकाम्या राहिल्या.

आज आपल्या शिरोलीच्या आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत परप्रांतांतून माणसे येतात. एका खोलीत पाळीपाळीने झोपतात. दिवसपाळीचा उठला, की रात्रपाळीचा त्याच अंथरुणावर आडवा होतो. इकडे पंचगंगेचे पाणी 2019 आणि 2021 साली चढले, तेव्हा पहिल्यांदा घर सोडावे लागले ते नदीकाठच्या गरिबांना, कारण स्वस्त जागा तेवढीच होती. या माणसांच्या हातांवाचून आपले कारखाने एक दिवस चालणार नाहीत.

ज्या गावाने परगावच्या मुलांना छप्पर देऊन लौकिक मिळवला, त्या गावाने परगावच्या मजुराला 'तुझी सोय तू पाहा' म्हणावे काय? कारखान्याला जागा देतानाच कामगारांच्या घरांची जागा राखून ठेवा, आणि त्या घरांच्या कारभारात कामगाराला बसवा, एवढीच माझी मागणी आहे. ती पगारवाढीच्या मागणीहून लहान नाही.