दोन बॅटऱ्यांमधला दरवाजा

१९१२ साली कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर आला आणि हाताने दांडा फिरवून इंजिन सुरू करण्याचे दिवस सरू लागले. पण त्यासोबत एक परावलंबित्वही आले: बॅटरी उतरली, की गाडी जागच्या जागी थिजते.

अमेरिकेत मोटारीमागे फिरते घर जोडून भटकणाऱ्यांना हे पुढे चांगलेच जाणवले. १९३६ च्या एअरस्ट्रीम क्लिपर या ट्रेलरमध्ये विजेचे दिवे होते. अशा दिव्यांची बॅटरी ओढणाऱ्या गाडीच्याच विजेवर भरावी, हा विचार ओघानेच येतो. परंतु दोन बॅटऱ्या नुसत्या तारेने जोडल्या, तर रात्रभर जळणारे दिवे दोन्ही रिकाम्या करतात. मुक्काम रानात असेल, तर सकाळी स्टार्टर गप्प! म्हणजे वीज देणे सोपे. ती वेळेवर तोडणे अवघड.

ते काम रिलेने केले: किल्ली फिरवली की जोड, बंद केली की तोड. सिलिकॉन डायोडने हेच हलत्या भागांविना साधले, मात्र तो सुमारे ०.७ व्होल्ट स्वतःच गिळतो. अल्टरनेटर देतो जेमतेम १४ व्होल्ट. त्यात ट्रकच्या इंजिनापासून ट्रेलरपर्यंतच्या लांब तारेतली घट वेगळीच. तार बारीक असेल, तर दिवसभर प्रवास करूनही मागची बॅटरी अर्धपोटी राहते. जाड तांबे महाग खरे, पण इथली काटकसर हा आतबट्ट्याचा व्यवहार.

अलीकडच्या अनेक ट्रकांत तर इंधन वाचवण्यासाठी अल्टरनेटरचा दाब मुद्दाम उतरवला जातो. म्हणून आता ट्रेलरमध्येच, बॅटरीजवळ, तो पुन्हा चढवणारा डीसी-डीसी चार्जर बसवतात.