वेनस्कॉटिंग, स्नानगृहातील
भिंतीच्या खालच्या भागावर, विशेषतः शीतप्रदेशातील पाश्चात्त्य गृहांत, बसविण्यात येणारे काष्ठावरण. इंग्लंडात यासाठी पूर्वी बाल्टिक प्रदेशातून आयात होणारे उत्कृष्ट ओक लाकूड वापरीत. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत यंत्रावर रंधलेल्या, जीभ व खाच यांनी परस्परांत गुंतणाऱ्या आणि सांध्यालगत बारीक गोलसर उठाव असणाऱ्या अरुंद फळ्या, म्हणजेच बीडबोर्ड, मुबलक झाल्यामुळे हे आवरण स्वयंपाकघर, स्नानगृह अशा साध्या दालनांतही रूढ झाले.

स्नानगृहाच्या नूतनीकरणात शोभेपेक्षा आर्द्रतेचा विचार अव्वल मानला पाहिजे. दाबलेल्या काष्ठतंतूंचा एमडीएफ तक्ता गुळगुळीत व किफायतशीर खरा. परंतु कापलेल्या कडेतून पाणी शिरले की तो फुगतो आणि पूर्ववत होत नाही, म्हणून टबालगत पीव्हीसीच्या फळ्याच मुनासिब. अस्सल लाकूड पसंत केल्यास त्याची पाठ व कडा बसविण्यापूर्वीच रंगाने बंद कराव्यात; दिसत नाही म्हणून हेच काम बहुधा टाळले जाते. उंची सामान्यतः ३२ ते ३६ इंच, स्नानगृहात ४८ इंचांपर्यंतही. भिंतीच्या नेमक्या मध्यावर थांबविलेले आवरण मात्र बेढब दिसते. शॉवरची धार प्रत्यक्ष पडते तेथे लाकूड सर्वथा वर्ज्य. तेथे टाइलच हवी.